स्वतःच्याच बँडमधून आऊट

लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ. हा लोगो असलेला टी-शर्ट कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर दिसतोच. तो ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश बँडचा लोगो आहे, हे घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स ही दोन नावंही ओळखीची असतात. पण हा बँड मुळात काढला कोणी, असं विचारलं की गाडी अडते.

तो लोगो पहिल्यांदा रेकॉर्डवर आला १९७१ मध्ये. ज्याने बँड जमवला आणि त्याचं बारसं केलं, तो तेव्हा या जगात नव्हता. त्याचं नाव ब्रायन जोन्स. तो गेला तेव्हा २७ वर्षांचा होता. आणि त्याआधी जेमतेम महिनाभर त्याला त्याच्याच बँडमधून काढण्यात आलं होतं.

स्टोन्सवर डॉक्युमेंट्रीज भरपूर निघाल्या. त्यातल्या दोन ब्रायनसाठी बघाव्यात अशा आहेत. एक पीटर व्हाइटहेडची ‘चार्ली इज माय डार्लिंग’, १९६५ मध्ये शूट केलेली. दुसरी निक ब्रूमफील्डची ‘द स्टोन्स अँड ब्रायन जोन्स’, २०२३ मध्ये आलेली. पहिलीत तो जिवंत आहे, हसतोय, बोलतोय. दुसरीत त्याच्याबद्दल बाकीचे बोलतात. या दोन फिल्म्सच्या मधे जे घडलं, ती ही गोष्ट.

चेल्टनहॅमचा हुशार मुलगा

इंग्लंडमधलं चेल्टनहॅम हे नीटनेटकं, सभ्य, काहीसं सोवळं गाव. तिथे २८ फेब्रुवारी १९४२ ला ब्रायनचा जन्म झाला. घर वेल्श वळणाचं. वडील विमान उद्योगात इंजिनीअर, शिवाय चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. आई पियानोच्या शिकवण्या घ्यायची. म्हणजे सूर घरातच होते. ब्रायनच्या पाठची बहीण अगदी लहान असताना रक्ताच्या कॅन्सरने गेली. त्याला स्वतःला दम्याचा त्रास होता आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही.

शाळेत तो हुशार होता. फारसा अभ्यास न करता मार्क मिळवणाऱ्यांपैकी. पण शिस्तीचं आणि त्याचं जमायचं नाही. आधी पियानो, मग क्लॅरिनेट, मग चार्ली पार्कर ऐकून डोकं फिरल्यावर सॅक्सोफोन, आणि सतराव्या वाढदिवसाला गिटार. जे वाद्य हातात येईल ते थोड्याच दिवसांत त्याच्या हातात बसायचं. ही देणगी पुढे त्याच्या कामी आली आणि एका अर्थी आडही आली.

सतरा वर्षांचा असतानाच त्याच्यापासून एका शाळकरी मुलीला दिवस गेले. छोटं गाव, पन्नासचं दशक. गावभर बोभाटा झाला. बाळ दत्तक दिलं गेलं, शाळा सुटली आणि ब्रायन काही काळ युरोपात भटकत राहिला. रस्त्यावर गिटार वाजवून चार पैसे मिळवायचे आणि पुढे जायचं. परत आल्यावर दुकानात नोकरी, दुसरी नोकरी, असं चालू राहिलं. आईवडिलांना त्याचं हे वागणं पसंत नव्हतं. एकदा तो घरी परतला तर त्याची बॅग भरून बाहेर ठेवलेली होती, असं सांगितलं जातं. इंजिनीअर बापाला आपला एवढा हुशार पोरगा फुकट चाललाय असं वाटत होतं, आणि पोराला बापाने एकदा तरी बरं म्हणावं असं. ही ओढाताण पुढे आयुष्यभर चालली.

एल्मो लुईस नावाचा पोरगा

त्या काळी ब्रिटनमध्ये क्लबांवर राज्य होतं पारंपरिक जॅझचं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज संगीत, त्यातूनच तयार झालेलं ठेक्याचं रिदम अँड ब्लूज हे थोड्या वेड्यांचं वेड होतं. रेकॉर्ड्स सहज मिळायच्या नाहीत. कुणाकडे मडी वॉटर्सची एलपी आहे असं कळलं तर तिच्यासाठी लोक गावं ओलांडून जायचे.

या वेड्यांचा म्होरक्या होता अ‍ॅलेक्सिस कॉर्नर. तो चेल्टनहॅमला कार्यक्रमासाठी आला तेव्हा ब्रायनने त्याला गाठलं. मार्च १९६२ मध्ये कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी लंडनच्या ईलिंग भागात एका तळघरात रिदम अँड ब्लूजचा क्लब सुरू केला, तेव्हा ब्रायन तिथे हजर राहू लागला. स्टेजवर जाताना त्याने नाव घेतलं होतं ‘एल्मो लुईस’. त्याचा देव एल्मोर जेम्स होता, त्याच्याकडून उसनं घेतलेलं.

एल्मोर जेम्ससारखं वाजवणं म्हणजे स्लाइड गिटार. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालायची आणि ती तारेवरून घसरवत न्यायची. आपल्याकडे मींड म्हणतात, तसा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर वाहत जातो. त्या वेळी इंग्लंडमध्ये असं वाजवणारे फारच थोडे होते.

७ एप्रिल १९६२ ला लंडनजवळच्या डार्टफर्डहून आलेली दोन पोरं त्या तळघरात उभी होती. समोर आपल्याच वयाचा, सोनेरी केसांचा मुलगा चक्क एल्मोर जेम्सचं गाणं वाजवतोय, हे बघून त्यांचा विश्वासच बसेना. ती दोन पोरं होती मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स. त्यांना अजून नीट बँडही नव्हता. ब्रायन त्यांच्यापुढे बरीच मजल मारून होता.

फरशीवरच्या एलपीवरून नाव

महिन्याभरात ब्रायनने ‘जॅझ न्यूज’ या साप्ताहिकात जाहिरात दिली. रिदम अँड ब्लूजचा बँड काढतोय, माणसं हवीत. पहिला आला पियानोवाला इयन स्ट्युअर्ट. मग मिक आला, त्याच्यासोबत कीथ. १२ जुलै १९६२ ला लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्यांना पहिला कार्यक्रम मिळाला. बातमी द्यायला ब्रायनने फोन केला, तर पलीकडून विचारणा झाली बँडच्या नावाची. नाव ठरलंच नव्हतं. समोर फरशीवर मडी वॉटर्सची एलपी पडली होती. तिच्यावरच्या एका गाण्याचं नाव त्याने सांगून टाकलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडपैकी एकाचं बारसं हे असं झालं.

मग आला १९६२-६३ चा हिवाळा. इंग्लंडमधला त्या शतकातला सगळ्यात कडक हिवाळ्यांपैकी एक. चेल्सीमध्ये एडिथ ग्रोव्ह नावाच्या रस्त्यावर ब्रायन, मिक आणि कीथ एका घाणेरड्या फ्लॅटमध्ये राहत होते. हीटरमध्ये टाकायला नाणी नसायची, खायची मारामार. मिक निदान लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये लेक्चर्सना तरी जायचा. ब्रायन आणि कीथ दिवसभर अंथरुणात बसून रेकॉर्ड्स ऐकायचे आणि वाजवायचे. दोन गिटार एकमेकांत अशा विणायच्या की कुठली कोण वाजवतोय हे ऐकणाऱ्याला कळू नये, हा त्यांचा ध्यास. रॉबर्ट जॉन्सन हा तीसच्या दशकातला ब्लूजवाला कीथने पहिल्यांदा ऐकला तो ब्रायनच्याच रेकॉर्डवर. एकटा माणूस वाजवतोय हे त्याला आधी पटेना, सोबत दुसरा गिटारवाला असणारच असं वाटलं. हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर गाणी ऐकलेल्यांना हे दिवस कळतील. पुढची साठ वर्षं स्टोन्स ज्या जोड-गिटारवर उभे राहिले, तिचा पाया या थंडगार खोलीत घातला गेला.

त्या डिसेंबरात बेसवर बिल वायमन आला, जानेवारीत ड्रम्सवर चार्ली वॉट्स. रिचमंडच्या स्टेशन हॉटेलमधल्या क्रॉडॅडी क्लबमध्ये दर आठवड्याला गर्दी वाढत गेली. तेव्हा बँडचा म्होरक्या कोण, या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. कार्यक्रम ठरवणं, पत्रं लिहिणं, गाणी निवडणं, सगळं ब्रायन बघायचा.

पाच पौंडांची चोरी

१९६३ च्या वसंतात अँड्र्यू लूग ओल्डहॅम मॅनेजर म्हणून आला. वय वर्षं १९. त्याने आल्या आल्या सांगितलं की स्टेजवर सहा जण म्हणजे गर्दी होते, आणि इयन स्ट्युअर्ट काही पॉपस्टारसारखा दिसत नाही. जाहिरात वाचून आलेला पहिला माणूस बँडच्या फोटोतून बाहेर गेला. तो बिचारा पुढे आयुष्यभर सामान वाहत आणि पडद्याआड पियानो वाजवत सोबत राहिला. ब्रायनने त्याला अडवलं नाही.

आणखी एक गोष्ट. करार करताना ब्रायनने म्होरक्या म्हणून आठवड्याला पाच पौंड जास्त घ्यायचं गुपचूप ठरवून टाकलं होतं. हे बाकीच्यांना कळलं तेव्हा ते भडकले. रक्कम छोटी होती, पण एकाच चादरीत कुडकुडलेल्या मित्रांमध्ये एवढी खोट पुरते. त्याच्यावरचा विश्वास तेव्हा जो उडाला, तो पुन्हा बसला नाही.

तरी खरा धक्का पैशाने दिला नाही, गाण्यांनी दिला. सुरुवातीला स्टोन्स दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. ओल्डहॅमला धंदा कळत होता. रेकॉर्डमधून बँडला मिळणारे पैसे सगळ्यांत वाटले जातात, पण गाणं लिहिणाऱ्याला रॉयल्टी वेगळी मिळते आणि ती वर्षानुवर्षं येत राहते. त्याने मिक आणि कीथला गाणी लिहायला बसवलं. दोघांना हळूहळू ते जमलं. ब्रायनला जमलं नाही. कुणाचंही गाणं दिलं तर त्यात असा एखादा तुकडा घालायचा की ते गाणं त्याच्याशिवाय आठवू नये, हे त्याला यायचं. पण कोऱ्या कागदापासून गाणं उभं करून चार लोकांना ऐकवायचं म्हटलं की तो आखडायचा. लेबलवर नाव लिहिणाऱ्याचं येतं, तुकडा वाजवणाऱ्याचं येत नाही. तुमचा स्वतःचा बँड असेल तर हा हिशेब आधीच नीट बोलून घ्या.

लाल कोंबडा पहिल्या नंबरवर

तरीही ब्रायनची सही असलेला एक मोठा विजय आहे. नोव्हेंबर १९६४ मध्ये स्टोन्सनी ‘लिटल रेड रूस्टर’ हे विली डिक्सनचं गाणं सिंगल म्हणून काढलं. संथ, अस्सल ब्लूज. पॉपच्या बाजारात असलं काही चालत नाही, असं सगळ्यांचं मत. गाण्यात ब्रायनची स्लाइड गिटार जवळपास मिकइतकीच बोलते. ते गाणं ब्रिटनमध्ये थेट पहिल्या नंबरवर गेलं.

मे १९६५ मध्ये अमेरिकेच्या ‘शिंडिग’ या टीव्ही कार्यक्रमात स्टोन्सना बोलावलं, तेव्हा त्यांनी अट घातली की आमच्यासोबत हाउलिन वुल्फलाही बोलवा. हाउलिन वुल्फ म्हणजे ‘रूस्टर’ आधी गाणारा शिकागोचा धिप्पाड ब्लूज गायक. अमेरिकेतल्या गोऱ्या घरांमधल्या बहुतेक पोरांना तो ठाऊकही नव्हता. सूत्रसंचालक गप्पा लांबवायला लागला तेव्हा ब्रायनने त्याला मधेच तोडलं आणि आता वुल्फला ऐकू या असं सुचवलं. मग सगळे स्टोन्स त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिले. अमेरिकेची चीज अमेरिकेलाच ऐकवायला समुद्रापलीकडची पोरं यावी लागली. ब्रायनला बँड काढताना जे करायचं होतं ते हेच.

आयर्लंडमधले दोन दिवस

आता ती पहिली फिल्म. सप्टेंबर १९६५ च्या सुरुवातीला स्टोन्स आयर्लंडला गेले, डब्लिन आणि बेलफास्ट. ओल्डहॅमने पीटर व्हाइटहेडला कॅमेरा घेऊन सोबत पाठवलं. ‘सॅटिस्फॅक्शन’ तेव्हा अमेरिकेत पहिल्या नंबरवर जाऊन आलं होतं. फिल्म काळीपांढरी, कॅमेरा हातात धरलेला, हलणारा. ट्रेनचा प्रवास, ड्रेसिंग रूममधला कंटाळा, किंचाळणाऱ्या मुली. डब्लिनला पोरं स्टेजवर चढतात आणि कार्यक्रमाचा पार विचका होतो. त्या काळी ही फिल्म रीतसर प्रदर्शित झालीच नाही. जुनी रिळं साफसूफ करून, नव्याने जोडून ती २०१२ मध्ये लोकांसमोर आली.

तिच्यात दोन जागा लक्ष देऊन बघा. एकात हॉटेलच्या खोलीत मिक आणि कीथ गिटार घेऊन बसलेत, नवं गाणं जुळवतायत, मधेच टवाळी करतायत. दोघांचं मस्त चाललंय. दुसऱ्या जागी ब्रायन एकटा कॅमेऱ्यासमोर बसलाय. मृदू आवाज, सावकाश, शिकलेल्या माणसासारखं बोलणं. स्टोन असण्यात भविष्य काही पक्कं नाही, असं तो बोलता बोलता सांगून जातो. बँड जगाच्या शिखराकडे निघालाय आणि २३ वर्षांचा हा मुलगा पुढे काय याची काळजी करतोय. तेव्हा बघणाऱ्याला हा पॉपस्टारचा नखरा वाटला असता. आता तसं वाटत नाही.

सतार, बासरी आणि बरंच काही

गाणी लिहिता येत नाहीत म्हटल्यावर ब्रायनने गिटार जवळजवळ बाजूला ठेवली आणि हाताला लागेल ते वाद्य उचललं. १९६६ चा ‘आफ्टरमाथ’ हा अल्बम ऐका. सगळी गाणी मिक आणि कीथच्या नावावर आहेत. पण ‘अंडर माय थंब’ मधला तो टकटक फिरणारा लाकडी सूर मरिंबाचा आहे, वाजवणारा ब्रायन. ‘लेडी जेन’ मधलं डल्सिमर हे तारवाद्य त्याचंच.

त्याच वर्षीचं ‘पेंट इट ब्लॅक’ तर आपल्या जास्त जवळचं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने काही महिने आधी सतार पॉपमध्ये आणली होती. ब्रायनने तिच्यावर या गाण्याची मुख्य ओळ वाजवली. त्यात राग वगैरे शोधायला जाऊ नका, आपल्याकडचा सतारीचा विद्यार्थी त्याच्या बैठकीलाही नावं ठेवेल. पण ती ओळ सतारीवर आली म्हणूनच गाण्याला तो गडद, घुमणारा रंग आला. गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं. १९६७ च्या ‘रूबी ट्यूजडे’ मध्ये बासरीसारखा जो हळवा सूर वर तरंगतो, तो रेकॉर्डर ब्रायनचा. एक जर्मन चित्रपट आला, ‘अ डिग्री ऑफ मर्डर’, त्याचं संगीतही त्याने एकट्याने केलं.

म्हणजे निर्मितीची ताकद होती. पण स्वतःचं गाणं चारचौघांत मांडून ते नाकारलं जाण्याची तयारी नव्हती. शंभर वाद्यं येणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट आली नाही.

ज्याचं समर्थन करता येत नाही

इथवर वाचून ब्रायनबद्दल वाईट वाटायला लागलं असेल, तर दुसरी बाजूही बघायला हवी. विशी-बाविशीत वेगवेगळ्या मैत्रिणींपासून त्याला मुलं झाली, आणि त्या मुलींना तो वाऱ्यावर सोडून देत गेला. मुलांना वाढवणं तर दूरच. बँडमध्ये तो एकाला दुसऱ्याविरुद्ध फितवायचा. कधी कमालीचा गोड, कधी विनाकारण दुष्ट.

१९६५ मध्ये म्युनिकला त्याला अनिता पॅलेनबर्ग भेटली. मॉडेल, पुढे अभिनेत्री, चार भाषा बोलणारी, त्याच्यापेक्षा खमकी. दोघं एकसारखे कपडे घालून फिरायचे, फॅशनच्या जगाने त्यांची नक्कल केली. आणि बंद दाराआड ब्रायन तिला मारायचा. हे कुजबुजीतलं नाही, जवळच्या अनेकांनी ते सांगितलंय. मार्च १९६७ मध्ये मोरोक्कोच्या सहलीत ती त्याला सोडून कीथसोबत निघून गेली. आपल्याला मित्राने दगा दिला, असं ब्रायनने धरून ठेवलं. ती का गेली, याचं उत्तर मात्र त्याच्याच हातात होतं. मोठा कलाकार होता म्हणून हे पोटात घालायचं कारण नाही.

त्यातच ड्रग्ज आणि दारू वाढत गेली. ब्रिटिश पोलिसांनी तेव्हा पॉपस्टार्सच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं होतं. १० मे १९६७ ला मिक आणि कीथ ड्रग्जच्या केसमध्ये कोर्टात उभे असताना त्याच दिवशी ब्रायनच्या फ्लॅटवर छापा पडला. ऑक्टोबरमध्ये नऊ महिन्यांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये अपिलात ती जाऊन हजार पौंड दंड आणि तीन वर्षं देखरेख, यावर सुटका झाली. पुढच्या मे महिन्यात पुन्हा अटक, पुन्हा दंड. मिक आणि कीथ त्यांच्या केसमधून अधिक कणखर होऊन बाहेर आले. ब्रायन मोडला. स्टुडिओत तो यायचा नाही, आला तर वाजवायच्या स्थितीत नसायचा. तरी १९६८ च्या ‘नो एक्स्पेक्टेशन्स’ मध्ये त्याची स्लाइड ऐका. सहा वर्षांपूर्वी ईलिंगच्या तळघरात वाजणारा तोच हात.

त्याच उन्हाळ्यात तो मोरोक्कोच्या रिफ डोंगरात जजूका नावाच्या गावी गेला, आणि तिथल्या पारंपरिक वादकांचं संगीत रेकॉर्ड करून आणलं. जगभरच्या लोकसंगीताच्या रेकॉर्ड्सना ‘वर्ल्ड म्युझिक’ हे दुकानी नाव मिळायच्या कितीतरी आधी. ती रेकॉर्ड १९७१ मध्ये बाजारात आली. त्याला बघायला मिळाली नाही.

पूह अस्वलाच्या घरी

नोव्हेंबर १९६८ मध्ये ब्रायनने ससेक्समध्ये कॉचफर्ड फार्म हे जुनं घर विकत घेतलं. एकेकाळी तिथे ए. ए. मिल्न राहायचे. ‘विनी द पूह’ ही अस्वलाची गोष्ट लिहिणारे तेच. बागेत पूहच्या गोष्टीतल्या पात्रांचे पुतळे होते. ब्रायनला त्याचं फार अप्रूप.

८ जून १९६९ ला मिक, कीथ आणि चार्ली गाडी घेऊन तिथे आले. स्टोन्सना अमेरिकेचा दौरा करायचा होता आणि ड्रग्जच्या शिक्षांमुळे ब्रायनला तिथे प्रवेश मिळण्याची खात्री नव्हती. हे कारण खरं होतं, पण सोयीचंही होतं. कारण तो दौऱ्यावर उभा राहू शकला नसता, हे चौघांनाही दिसत होतं. बोलणं शांतपणे झालं. सगळ्यांना सांगायचं ठरलं की संगीताबद्दल मतभेद झाल्याने ब्रायन स्वतःहून निघतोय. त्याच्या जागी आला मिक टेलर, वय वर्षं २०.

२ जुलैच्या रात्री ब्रायन घरच्या स्विमिंग पूलमध्ये उतरला. मध्यरात्रीच्या सुमारास तो तळाशी सापडला. दारू आणि ड्रग्जच्या अमलाखाली बुडून झालेला अपघाती मृत्यू, असा निकाल चौकशीत लागला. यकृत आणि हृदय या वयातच सुजलेलं होतं. खुनाच्या कथा तेव्हापासून आजपर्यंत चालू आहेत, पुस्तकं आणि चित्रपट निघाले. २००९ मध्ये नवी माहिती हाती आल्यावर ससेक्स पोलिसांनी प्रकरण पुन्हा तपासलं. निकाल बदलावा असं त्यांना काही मिळालं नाही.

५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये स्टोन्सचा मोफत कार्यक्रम आधीच ठरला होता, नव्या गिटारवाल्याची ओळख करून द्यायला. त्याची आता श्रद्धांजली झाली. लाखोंच्या गर्दीसमोर मिकने शेलीची कविता वाचली आणि खोक्यांतून पांढरी फुलपाखरं सोडली. उन्हाने त्यातली बरीच खोक्यातच मेली होती. १० जुलैला चेल्टनहॅममध्ये ब्रायनला पुरलं, तेव्हा बँडमधले दोघंच तिथे होते, बिल वायमन आणि चार्ली वॉट्स.

पुढच्या दोन वर्षांत जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन आणि जिम मॉरिसन गेले. तिघंही २७ वर्षांचे. मॉरिसन तर नेमका ३ जुलैलाच. मग ‘ट्वेंटी सेव्हन क्लब’ नावाचं एक भलतं ग्लॅमर तयार झालं. प्रत्यक्षात तो रॉबर्ट जॉन्सनही २७ व्या वर्षी गेला होता. या वयात गेल्याने कुणी मोठा झाला नाही. ते वाजवत होते म्हणून मोठे होते आणि जगले असते तर अजून वाजवलं असतं.

बापाचं पत्र

निक ब्रूमफील्ड १४ वर्षांचा शाळकरी मुलगा असताना त्याला ट्रेनमध्ये अचानक ब्रायन भेटला होता. एवढा मोठा स्टार एका अनोळखी पोराशी छान गप्पा मारत बसला. ती भेट ब्रूमफील्ड विसरला नाही, आणि जवळपास साठ वर्षांनी त्याने फिल्म केली. बिल वायमनने जपून ठेवलेल्या आठवणी त्यात आहेत, ब्रायनच्या जुन्या मैत्रिणी आहेत. ब्रायन एका घरात राहायला जायचा, त्या घरच्यांना आपलंसं करायचा, मग सगळं उधळून दुसऱ्या घरी जायचा, हे एकामागून एक येत राहतं. जणू घराबाहेर ठेवलेली ती बॅग घेऊन तो आईबाप शोधत फिरतोय.

फिल्मच्या शेवटी त्याच्या वडिलांनी त्याला लिहिलेलं एक पत्र येतं. बाप म्हणून आपण कमी पडलो, तुला समजून घेतलं नाही, अशी कबुली त्यात त्या कडक इंजिनीअरने दिलीय. ते वाचताना दोघांचाही राग येतो आणि दोघांचंही वाईट वाटतं. जे बोलायला हवं होतं, ते दोन्हीकडे होतं. वेळेवर पोचलं नाही.

७ एप्रिल २००३ ला रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. ईलिंगच्या तळघरात मिक आणि कीथने ब्रायनला पहिल्यांदा पाहिलं, त्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षं झाली होती. तुमच्यापैकी कुणाच्या तरी आईबाबांनी तो कार्यक्रम पाहिला असेल, त्यांना विचारा. आणि आज रात्री हेडफोन लावून ‘लिटल रेड रूस्टर’ ऐका. मिकचा आवाज थोडा बाजूला ठेवा आणि मागून जो सूर घसरत येतो त्याच्याकडे लक्ष द्या. रेकॉर्डच्या लेबलवर गीतकार म्हणून त्याचं नाव सापडणार नाही. पण तो ब्रायन जोन्स आहे, वय वर्षं २२.